एका नांवाची हकीकत

तारापूर म्हटलें कीं आजच्या माणसास अणुवीज केंद्र आठवतें. १९६९ सालीं तें सुरू झालें आणि आमच्या गांवाचें नांव एकदम शाळेच्या भूगोलांत जाऊन बसलें. इतिहासाची गोडी असणारास किल्ला आठवतो. १७३९ च्या जानेवारींत चिमाजीअप्पांच्या फौजेनें तो पोर्तुगीजांपासून घेतला आणि त्या हल्ल्यांत बाजी भिवराव रेठरेकर कामास आले. मला मात्र, सहासष्टावें वर्ष लागलेलें असतां, तारापूर म्हटलें कीं एका शाळेच्या जनरल रजिस्टरांतील एक ओळ आठवते. ती ओळ माझ्या हातची आहे, अक्षर वळणदार आहे, आणि मजकूर चुकीचा आहे.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलों आणि पुढें शिक्षकाची सनद घेऊन मास्तरकीस लागलों. इंग्रजींत माझी गति बेताची. पण संस्कृताचें तसें नव्हतें. आमचे आजोबा वैदिक. त्यांनीं मुंज झाल्यापासून रोज पहांटे अमरकोश, रूपावलि, समासचक्र हीं माझ्याकडून घोकून घेतलीं आणि पुढें लघुकौमुदीहि शिकविली. ह्या शिदोरीबरोबर मला एक खोडहि जडली. शब्द दिसला कीं तो फोडावयाचा. कोणताहि शब्द समोर येवो, त्याचा विग्रह माझ्या जिभेवर तयार! घरांत मंडळी कंटाळत. परंतु वर्गांत ही विद्या फार खपे. मुलांना वाटे, गुरुजींना सगळें येतें. मलाहि तसेंच वाटूं लागलें होतें.

१९८६ च्या जून महिन्यांतील गोष्ट. पांचवीचे प्रवेश चालले होते. शाळेस वेगळी कचेरी नव्हती. वर्गांतच टेबल मांडून मी पालकांस बसवीत असें, आणि नोंद प्रथम पेन्सिलीनें करून आठवड्यानें शाईनें पक्की करीत असें. एक उंच, उन्हानें रापलेले मुसलमान गृहस्थ मुलाचा हात धरून आले. ते जहाजावर खलाशी होते असें मागाहून कळलें. मीं मुलाचें नांव विचारलें. ते म्हणाले, “शहरियार.”

“शेरियार? तें तर पारशी लोकांचें नांव. डहाणू-घोलवडकडे चिकूच्या वाड्या करणाऱ्या इराण्यांत शेरियार असतो. तुमच्यांत हें कसें?”

“आमच्यांतहि ठेवतात, गुरुजी. कमी ठेवतात.”

येथें मीं गप्प बसावयास हवें होतें. पण वर्ग ऐकत होता, आणि माझें वय सत्तावीस वर्षांचें होतें. मी मुलांकडे वळलों. “म्हणजे शहर अधिक यार. शहर म्हणजे गांव, आणि यार म्हणजे काय तें तुम्हांस सांगावयास नको. षष्ठी तत्पुरुष! गांवाचा यार!”

वर्ग खदखदून हंसला. मुलगा हंसला नाहीं. त्यानें बापाकडे पाहिलें. बाप रजिस्टराकडे पाहत होता.

मराठींत ह्या शब्दास कसला वास आहे तें वाचकांस ठाऊक आहेच. दुसऱ्या दिवसापासून मुलें त्यास ‘गांवयार’ म्हणूं लागलीं. मधल्या सुटींत, नळावर, शाळा सुटल्यावर खाडीच्या रस्त्यानें, सगळीकडे तेंच. मीं एकदोघांस दटावलेंहि. पण दटावतांना मला स्वतःलाच हंसूं येत होतें, आणि मुलांना तें कळत होतें. चौथ्या दिवशीं मुलगा आला नाहीं. पांचव्या दिवशीं बाप एकटेच आले आणि म्हणाले, “गुरुजी, दुसरें कांहीं नांव लिहा. साधें लिहा.”

“शहाबुद्दीन लिहूं?” मीं विचारलें. त्यांनीं मान हलविली. मीं खोडरबरानें एक नांव पुसलें आणि त्या जागीं शाईनें दुसरें लिहिलें. शहाबुद्दीन हें नांव वाईट मुळींच नाहीं. शिहाब म्हणजे उल्का, दीन म्हणजे धर्म. मोठमोठ्या सुलतानांनीं तें मिरविलें आहे. पण तें त्या मुलाचें नव्हतें. त्या क्षणीं मला सुचलेलें पहिलें नांव होतें, इतकेंच.

त्यानंतर कित्येक वर्षें ह्या गोष्टीचें मला कांहींच वाटलें नाहीं, हें येथें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. उलट आपण एका पोरास चिडविण्यांतून सोडविलें अशीच माझी समजूत होती.

२०१८ सालीं मी निवृत्त झालों. हातीं वेळ आला, तेव्हां एका स्नेह्यांकडे एपिग्राफिया इंडिकाचे कांहीं खंड होते ते एकेक आणून वाचूं लागलों. इंग्रजी टिपणें कोश जवळ घेऊन वाचावीं, मूळ संस्कृत मात्र सरळ वाचावें, असा क्रम. बत्तिसाव्या खंडांत दिनेशचंद्र सरकार ह्यांनीं प्रसिद्ध केलेले चिंचणीचे ताम्रपट आहेत. चिंचणी म्हणजे आमच्या खाडीपलीकडचें गांव. इकडे बोलतांना चिंचणी-तारापूर असा द्वंद्वच करतात. १९५५ च्या सुमारास हे पत्रे तेथें सांपडले. माझा जन्महि त्यानंतरचा. आणि सबंध आयुष्य खाडीच्या ह्या तीरावर काढून मला त्यांची वार्ताहि नव्हती!

त्यांतील पहिला ताम्रपट राष्ट्रकूट इंद्र तिसरा ह्याच्या काळचा, शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६ सालचा आहे. वेरूळचें कैलास कोरविणारें तेंच हें घराणें. त्या काळीं हा सर्व किनारा संयानमंडळांत मोडे. संयान म्हणजे आजचें संजाण. ह्या मंडळाचा अधिकारी कोण होता? तर ताजिक कुळांतला एक पुरुष, ज्यास इंद्राचा आजा कृष्ण दुसरा ह्यानें तो अधिकार दिला होता. ताजिक हा शब्द आपल्या वाचकांच्या घरांत परका नाहीं. वर्षफळ मांडणारे जोशी ज्या ताजिक पद्धतीनें मांडतात, ती अरब-इराण्यांकडून आलेली म्हणून ताजिक. नीलकंठ दैवज्ञाची ताजिकनीलकंठी १५८७ सालची. तेव्हां आमच्या किनाऱ्यावरचा हा अधिकारी मुसलमान होता. त्यानें आसपासचे बंदरांचे अधिपति जिंकले, संजाणास नद्यांवर लोकांसाठीं फुकट तर चालविली, आणि एक अन्नसत्र घातलें. त्या सत्रांत साळीचा भात, कालवण आणि तूप मिळे. तुपाचा उल्लेख करावयास ताम्रपटाचा लेखक विसरला नाहीं, ह्यावरून तो आपल्यांपैकींच असावा असें मला उगाच वाटलें! आणि प्रस्तुत दान कशासाठीं? तर अन्नैय नांवाच्या ब्राह्मणानें बांधलेल्या भगवतीच्या मठिकेसाठीं. देवी, ब्राह्मण, दाता मुसलमान, आणि वर राज्य राष्ट्रकूटांचें.

ह्या अधिकाऱ्याचें नांव ताम्रपटांत मधुमति असें आहे. सुगतिप हें त्याचेंच दुसरें नांव. मधुमति म्हणजे महंमद, असें सरकार ह्यांनीं दाखवून दिलें आहे. शके ९५६ च्या पुढच्या एका चिंचणी ताम्रपटांत अल्लिय, महर, मधुमत अशीं नांवें येतात. अल्लिय म्हणजे अली हें तर उघडच आहे. महंमद हें अरबी नांव. ‘ज्याची पुनःपुन्हां स्तुति केली गेली तो’ असा त्याचा अर्थ. त्या स्तुतीचा मधाशीं कांहीं संबंध नाहीं. पण लेखकाच्या कानावर परका ध्वनि पडला, आणि त्यानें आपल्या भाषेंत त्यास जवळचें काय तें शोधलें. ‘ज्याची मति मधासारखी तो मधुमति’ असा विग्रह सहज होतो. बहुव्रीहि. मी ह्या शब्दापाशीं बराच वेळ थांबलों. मग पुढची ओळ वाचली. ह्या मधुमतीचा बाप कोण? साहियारहार!

सरकार ह्यांनीं तें नांव शहरियार असें लावलें आहे.

मी पुस्तक मिटून ओटीवर येऊन बसलों. गांवांत कमी आढळतें म्हणून ज्या नांवास मीं परकें ठरविलें, तें ह्याच खाडीकांठीं अकराशें वर्षांपूर्वीं तांब्यावर कोरलें गेलें होतें, आणि तेंहि संस्कृतांत. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत तीनशें वर्षांच्या मागें जात नाहीं.

पुढें मीं त्या नांवाचा शोध घेतला. फारशी मला येत नाहीं. पण डहाणूकडच्या एका वृद्ध पारशी गृहस्थांनीं, आणि नंतर कोशांनीं, मला वाट दाखविली. वाट सांपडली तेव्हां मात्र मला आनंद आणि लाज ह्यांतलें आधीं काय वाटलें हें सांगतां येणार नाहीं.

शहर हा शब्द आपण नगर ह्या अर्थानें वापरतों. फारशींत त्याचा जुना अर्थ राज्य. सासानी राजे आपल्या सबंध देशास ईरानशहर म्हणत. तेथें नगर हा अर्थ करतांच येत नाहीं. आणखी मागें गेलें तर अवेस्तेंत क्षथ्र. आतां संस्कृत जाणणारास पुढें सांगावयास नको. तेंच आपलें क्षत्र. ज्या क्षत्रापासून आपला क्षत्रिय, त्याचें भावंड हें शहर. पारशी पंचांगांतील शहरेवर महिना म्हणजे अवेस्तेंतील क्षथ्र वैर्य. आणि नाशिकच्या लेण्यांत ज्या नहपानाच्या काळचे लेख आहेत तो क्षत्रप. ती पदवीहि इराणांतूनच आलेली, क्षत्राचें पालन करणारा ह्या अर्थाची. नृप, गोप ह्या शब्दांतला जो प, तोच येथेंहि. मीं पांचवी-सहावीच्या मुलांना क्षत्रप शब्द किती वेळां समजावून दिला असेल! शहराशीं त्याचें नातें मला माहीत नव्हतें.

आतां उत्तरपद. मित्र ह्या अर्थाचा यार ह्या नांवांत मुळीं नाहींच. सासानी शिलालेखांत राजास शहर्दार अशी पदवी आहे. दार म्हणजे धारण करणारा. आपल्या हवालदारांत, जहागीरदारांत, चौकीदारांत तोच आहे, आणि तो संस्कृत धृ धातूचा सख्खा भाऊ आहे. ह्या दाराचा यार झाला. द चा य होण्यांत नवल नाहीं. संस्कृत पादाचा मराठींत पाय झाला, आणि इराणांतल्या पादाचाहि पायच झाला, म्हणून तर पायजमा. तेव्हां शहरियार ह्या नांवाचा पदशः संस्कृत पर्याय क्षत्रधार. राज्य धारण करणारा, राजा. मीं केलेला षष्ठी तत्पुरुष पूर्वपदांत चुकला आणि उत्तरपदांतहि चुकला. परीक्षेंत कोणा मुलानें असा विग्रह लिहिला असता तर मीं त्यास भोपळा दिला असता.

मुसलमानांत हें नांव विरळ कां, ह्याचेंहि कारण उघड आहे. तें अरबी नव्हे, धर्मपर नव्हे. इस्लामापूर्वींच्या इराणांतलें राजनाम आहे. शेवटचा सासानी राजा यज्दगर्द हा शहरियाराचा पुत्र. ज्या यज्दगर्दी शकानें पारशी आपलीं वर्षें मोजतात, तो त्याच्या राज्यारोहणापासून, ६३२ पासून. पारशांनीं तें नांव जपलें आणि बोलतांना शेरियार केलें. अहमदनगराजवळ मेहेराबाद आहे, तेथील मेहेरबाबा पुण्याचे, जन्म १८९४ चा. त्यांच्या वडिलांचें नांव शेरियार. मुसलमानांतहि तें तुटक तुटक येत राहिलें. अरबी सुरस कथांतला तो गोष्टी ऐकणारा राजा शहरियार. जहांगीर बादशहाचा धाकटा मुलगा शहरियार, ज्याचे डोळे भाऊबंदकींत गेले आणि १६२८ सालीं प्राणहि गेला. अलीकडचे उर्दू कवि शहरयार ह्यांस २००८ सालचें ज्ञानपीठ पारितोषिक मिळालें. त्यांचें तें टोपणनांव होतें. एवढें सगळें एका बाजूस, आणि माझें टेबल व खोडरबर दुसऱ्या बाजूस.

तो मुलगा गांव सोडून गेला नव्हता. सोनारांचे दागिने ठोकावयाचे पोलादी ठसे, ज्यांस इकडे डाय म्हणतात, ते कोरण्याचा धंदा आमच्या ह्या भागांत आहे. त्याचें तसलें छोटेंसें दुकान आहे. वर्षानुवर्षें मी त्या रस्त्यानें भाजी आणावयास जात असें. तो आंतून “गुरुजी” म्हणून हांक मारी, मी “काय शहाबुद्दीन?” म्हणें, आणि पुढें जाईं.

यंदां पावसाळा संपतांना एके दिवशीं मी थांबलों. तो भिंगाखालीं एका पोलादी तुकड्यावर वेल कोरीत होता. सगळें उलटें कोरावें लागतें, तेव्हां दागिन्यावर सुलटें उठतें. त्यानें स्टूल पुसून दिलें, चहा सांगितला. मीं जें सांगावयाचें तें सांगितलें. क्षत्र, दार, ताम्रपट, सगळें. शेवटीं एका कागदावर ‘साहियारहार’ असें लिहून त्याच्यापुढें ठेवलें.

त्यानें तें दोनदां वाचलें आणि हंसला. “म्हणजे ह्यानेंहि चूक लिहिलें कीं, गुरुजी!”

मलाहि हंसूं आलें, आणि मग आलें नाहीं. मीं विचारलें, “पण तुझ्या वडिलांनीं हें नांव काढलें कुठून?”

तेव्हां त्यानें सांगितलें. त्याचे वडील मालवाहू जहाजावर असतांना, त्याच्या जन्माआधीं, इराणांतल्या खुर्रमशहर बंदरावर विषमज्वरानें पडले. जहाज त्यांना तेथेंच ठेवून निघून गेलें. बंदरावर चहा विकणाऱ्या एका माणसानें त्यांना घरीं नेलें आणि दीड महिना सांभाळलें. ओळख ना पाळख, भाषा कळेना. त्या माणसाचें नांव शहरियार. निघतांना वडिलांनीं पैसे पुढें केले, ते त्यानें घेतले नाहींत. घरीं आल्यावर मुलगा झाला, त्याचें नांव ठेवलें. कोणाकडून तरी लिहवून पत्रें जात येत होतीं. १९८० सालीं इराकशीं युद्ध झालें, खुर्रमशहर इराकी फौजेनें घेतलें, बंदर उद्ध्वस्त झालें. पत्र पुन्हां आलें नाहीं.

“हें मला कोणींच सांगितलें नाहीं,” मी म्हणालों.

“तुम्हीं विचारलें कुठें, गुरुजी?”

तो हें रागानें म्हणाला नाहीं. हातांतली छिन्नी त्यानें पुसून जागेवर ठेवली आणि दुसरी घेतली.

आणखीहि एक गोष्ट त्यानेंच बोलतां बोलतां सांगितली. चोविसाव्या वर्षीं त्याला आखातांत जहाजदुरुस्तीच्या कामावर जाण्याची संधि आली होती. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदींत शहरियार, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शहाबुद्दीन. हा एकच माणूस आहे हें पटवून देण्यांत कागद इकडून तिकडे फिरले, महिने गेले, आणि ती जागा भरली गेली. मग तो डाय शिकला. “बरेंच झालें,” तो म्हणाला, “अम्मीजवळ राहतां आलें.” वडील मला पुन्हां कधींच भेटले नाहींत, आतां भेटणार नाहींत. त्यांना जाऊन अकरा वर्षें झालीं. मीं आईस विचारलें तेव्हां तो म्हणाला, “आहे. ती अजून शहरियारच म्हणते. तिनें दुसरें नांव कधीं घेतलेंच नाहीं.”

आतां त्याच्या मुलास परदेशीं शिकावयास जावयाचें आहे. मुलाच्या कागदांवर बापाचें नांव एका ठिकाणीं एक, दुसऱ्या ठिकाणीं दुसरें. म्हणून राजपत्रांत नांव बदलून घेण्याचें त्यानें ठरविलें होतें. अर्जहि आणून ठेवला होता. मीं म्हटलें, “बदलून कसलें? दुरुस्त करून. त्याबरोबर माझें निवेदन जोड. नोंद करणारा शिक्षक अजून जिवंत आहे आणि चूक त्याची आहे, असें मी लिहून देतों.”

“कशाला, गुरुजी? या वयांत तुम्हांला उगाच कुठें बोलावतील.”

“बोलावूं देत.”

दुकानांतच त्याच्या हिशेबाच्या वहींतला कागद घेऊन मी लिहावयास बसलों. माझें पूर्ण नांव, वय, नोकरीचीं वर्षें. मग, ‘१९८६ च्या जून महिन्यांत विद्यार्थ्याच्या पालकांनीं सांगितलेलें नांव मीं’ असें लिहीत नांवापाशीं आलों आणि लेखणी थांबली. “शहरियार लिहूं कीं शहरयार? दोन्ही प्रकारें लिहितात. फारशीच्या दृष्टीनें पाहतां...”

“गुरुजी, कागद इकडे द्या,” तो म्हणाला. त्यानें तेलकट हात फडक्यास पुसले, माझ्या हातांतून लेखणी घेतली, आणि मीं सोडलेल्या जागेंत आपलें नांव आपण लिहिलें.